समुद्रापलीकडचे आजोळ

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या वाडीतील मुले आजोळी जात. कोणी आगाशीला, कोणी नंदाखालला, कोणी खाडीपलीकडे उत्तनला. पावसाच्या तोंडावर ती परतत तेव्हा त्यांच्या पिशव्यांत सुकेळी असत, अंगावर मामाने शिवून दिलेले नवे सदरे असत आणि आजीच्या घरच्या गोष्टी तर श्रावणापर्यंत पुरत. आम्ही ओट्यावर बसून त्या ऐकत असू. आमचे आजोळ कोठे आहे, असे आईला विचारले की ती सूर्य मावळतो त्या दिशेला हात करी आणि म्हणे, "पाण्यापलीकडे, बाळा."

वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला पाण्यापलीकडे दिसतो तो अर्नाळ्याचा किल्ला. तेथे तर होडीने जाता येते, मग आई आम्हाला का नेत नाही, हा प्रश्न आमच्या बालमनाला कित्येक वर्षे छळत राहिला. पुढे शाळेत नकाशा हाती आला आणि कळले की, हे पाणी म्हणजे अरबी समुद्र आणि त्यापुढचा हिंदी महासागर. पलीकडचा काठ म्हणजे साडेचार हजार किलोमीटरांहून दूर, पूर्व आफ्रिकेलगतचे झांझिबार बेट. त्या आजोळी आम्ही पहिले पाऊल ठेवले ते वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. तोवर तेथे ना मामा होता, ना आजी, ना आमची वाट पाहणारा कोणी. निदान आमची तशी समजूत होती.

वाचकहो, त्या प्रवासाची ही हकिगत आहे आणि तिच्या पोटात एक कबुलीही आहे. धर्मगुरू जन्मभर इतरांच्या कबुल्या ऐकतो. कधीतरी त्याने आपली सांगावी हे योग्यच.

आमच्या आईचे घराणे मूळचे गोव्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोव्यातील ख्रिस्ती माणसे पोटासाठी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊ लागली. कोणी कारकून झाले, कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी वाजंत्री, कोणी छायाचित्रकार. झांझिबारात सुलतान अरब, खरी सत्ता इंग्रजांची, बाजार बव्हंशी हिंदी व्यापाऱ्यांचा आणि कष्ट आफ्रिकी माणसाचे, अशी त्या काळची उतरंड होती. आमचे आजोबा तेथे शिंपीकाम करीत. आई १९४० साली तेथेच जन्मली. ती त्यांचे एकुलते एक अपत्य. फ्रेंच मिशनऱ्यांनी बांधलेल्या दोन मनोऱ्यांच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला.

१० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले आणि जेमतेम महिनाभराने, १२ जानेवारी १९६४ रोजी, रविवारी पहाटे तेथे क्रांती झाली. सुलतानाची राजवट कोसळली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विषमतेचा संताप रस्त्यावर उतरला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. त्यांत अरब अधिक होते, हिंदी वंशाचेही होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये झांझिबार आणि टांगानिका यांचे एकत्रीकरण होऊन आजचा टांझानिया देश जन्मास आला. आमच्या आजोबांनी शिलाईची दोन यंत्रे मिळेल त्या भावात विकली आणि बायको-मुलीसह मुंबईची बोट धरली.

आमचे वडील वसईचे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'करंजा' आणि 'कंपाला' या बोटी त्या काळी मुंबई आणि पूर्व आफ्रिका यांच्या दरम्यान ये-जा करीत. त्या कंपनीत वडील सुतार होते. आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेचे बिजागर बोटीवर तुटले, ते दुरुस्त करायला वडिलांना बोलावले, आणि त्या बिजागराच्या निमित्ताने दोन घराणी जोडली गेली. १९६६ साली विवाह झाला. आई वसईला आली तेव्हा तिला कोकणी, इंग्रजी आणि स्वाहिली येत होती. मराठी येत नव्हती. ती तिने केळीच्या बागेत, विहिरीवर आणि चर्चच्या पायरीवर शिकून घेतली. पुढे ती इतकी अस्सल वसईकरीण झाली की तिचा बोलण्याचा ढंग परका आहे हे नवख्याला कळतही नसे. तरीही वाडीत तिचे नाव 'आफ्रिकेवाली' हेच राहिले. त्या नावात दुष्टावा नव्हता, पण एक अंतर होते. आईला ते कळत असे. ती हसे आणि विषय बदले.

झांझिबारविषयी ती फारसे बोलत नसे. पाऊस पडून गेल्यावर कधी लवंगेच्या वासाची आठवण काढी. कधी म्हणे, "दादाने आम्हाला वाचवले." हा दादा कोण, हे आम्ही कधी खोदून विचारले नाही. आजोबांचा कोणी पुतण्या असेल, असे गृहीत धरले. २०२२ साली शेवटच्या आजारात ती पुन्हा पुन्हा म्हणू लागली, "दादाला पत्र लिहायचे राहिले." आम्ही शेजारी बसून जपमाळ म्हणत होतो. आई एकुलती एक. तिला कसला आलाय दादा? तापाच्या भरात ती भ्रमली आहे, असे आम्ही धाकट्या बहिणीला सांगितले आणि जपाचा पुढचा मणी ओढला.

आई गेली. तिची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी एक सुती वस्त्र सापडले. विटलेले, केशरी-काळ्या नक्षीचे, खालच्या काठाला स्वाहिली अक्षरांची एक ओळ छापलेले. त्याच्या घडीत एक छायाचित्र होते. खुर्चीत विशीतली आई बसलेली. मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, तसेच वस्त्र नेसलेली एक आफ्रिकी स्त्री उभी. मागील बाजूस आईच्या अक्षरात 'दादा', एक नाव आणि 'न्गाम्बो' हा शब्द. मुंबईत शिकत असलेल्या एका टांझानियन धर्मभगिनीला आम्ही ते दाखवले. ती हसून म्हणाली, "फादर, आमच्या भाषेत दादा म्हणजे बहीण. भावाला आम्ही काका म्हणतो." आम्ही वरमलो. साठ वर्षे जिचे ऋण आईने मनात वागवले, तिला आम्ही आधी पुरुष ठरवले होते आणि मग भ्रम.

२०२३ साली आमच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षे झाली. धर्मग्रामातील भाविकांनी आणि भावंडांनी मिळून पवित्र भूमीच्या यात्रेचा खर्च उचलला. ऑक्टोबरमध्ये तेथे युद्ध पेटले आणि यात्रा रहित झाली. पैसे परत करू लागलो तेव्हा बहीण म्हणाली, "फादर, ते पत्र पोहोचवून या." सख्खी बहीणही आम्हाला चारचौघांत 'फादर'च म्हणते, पण त्या दिवशी त्या शब्दामागून आईच बोलली असे वाटले.

२०२४ च्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही विमानाने दार-ए-सलामला आणि तेथून दोन तासांच्या फेरीबोटीने झांझिबारला पोहोचलो. क्रांतीला साठ वर्षे झाल्याचा सोहळा नुकताच पार पडला होता आणि रस्त्यावर पताका अजून फडफडत होत्या. ज्या दिवसाने आमच्या आईचे घर गेले तो त्या लोकांचा उत्सवाचा दिवस होता. प्रथम मनाला खटकले. पण वसईकराने यात नवल का मानावे? १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तो विजय आपल्या महाराष्ट्राचा मानबिंदू आहे आणि आपल्या पूर्वजांच्या कित्येक ख्रिस्तमंदिरांच्या घंटा त्यानंतर लांबच्या देवळांत गेल्या, हेही खरे आहे. इतिहासाची एकच तारीख एकाच्या अंगणात तोरण बांधते आणि दुसऱ्याच्या अंगणात दिवा विझवते.

बंदरावर उतरताच वारा पाठीवर लागला. तो ईशान्येचा वारा होता. तेथे त्याला 'कस्काझी' म्हणतात. डिसेंबर ते मार्च तो आपल्या किनाऱ्याकडून तिकडे वाहतो आणि एप्रिलनंतर 'कुसी' हा नैर्ऋत्येचा वारा तिकडून आपल्याकडे येतो. या दोन वाऱ्यांवर शतकानुशतके शिडाची गलबते ये-जा करीत आली. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात आफ्रिकेचा हा किनारा आहे आणि आपले सोपारेही आहे. जो पाऊस आमच्या केळी पोसतो तो त्यांच्याच दिशेने येतो, हे भूगोलाच्या पुस्तकात शिकलो होतो. त्या बंदरावर ते प्रथम अंगाला जाणवले.

गल्लीबोळांचे ते जुने शहर, त्याला स्टोन टाऊन म्हणतात, आम्हाला परके वाटेना. प्रत्येक घरापुढे दगडी बैठक. तिचे नाव 'बराझा', पण ती म्हणजे आपला ओटाच. पितळी खुंट्यांच्या नक्षीदार दरवाजांवर हिंदी कारागिरांचा हात ओळखू येतो. भाषेतही ओळखीची माणसे भेटत होती. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी', रंगाला 'रांगी', पैशाला 'पेसा'. एके काळी त्या किनाऱ्यावर आपला रुपयाच चालत असे. दारात उभे राहून 'होडी!' अशी हाक द्यायची आणि आतून 'करिबू', म्हणजे 'या, जवळ या', असे उत्तर येते. होडीने आजोळी जाऊ पाहणाऱ्या त्या लहान मुलाची आम्हाला आठवण झाली.

आईचे घर सापडले. कॅथीड्रलचे मनोरे ज्या कोनातून दिसतात असे ती सांगे, त्याच कोनातून ते दिसत होते. तळमजल्यावर आता पर्यटकांसाठी मसाल्याच्या पुड्या विकणारे दुकान आहे. आम्ही लवंगेची एक पुडी घेतली आणि बाहेर आलो. आईच्या घरी गिऱ्हाईक म्हणून जावे लागले, एवढेच.

रविवारी तेथील धर्मगुरूंसोबत आम्ही वेदीवर उभे राहिलो. बेटावर बहुसंख्य मुसलमान, ख्रिस्ती थोडे. मिस्सा स्वाहिलीत. शब्द कळत नव्हते, पण कोणत्या क्षणी मस्तक लववायचे ते कळत होते. शांतीचा आदानप्रदान झाला तेव्हा एका वृद्धाने दोन्ही हातांत आमचा हात धरून 'अमानी' म्हटले. ज्या बाप्तिस्माकुंडावर आईच्या कपाळावर पाणी पडले त्यापाशी आम्ही एकटेच थोडा वेळ थांबलो. त्या वेळी मन भरून आले, ते लपवीत नाही.

पण आजोळ म्हणजे केवळ गोड आठवणी नव्हेत. दुसऱ्या दिवशी आम्ही गुलामांचा बाजार जेथे भरे ती जागा पाहिली. १८७३ साली तो बंद झाला आणि त्याच जागी अँग्लिकन पंथीयांनी ख्रिस्तमंदिर उभारले. जेथे गुलामांना बांधून फटके मारीत तेथे आज वेदी आहे, असे सांगतात. बाहेर खड्ड्यात साखळदंडांनी जखडलेल्या माणसांची दगडी शिल्पे आहेत. पर्यटक छायाचित्रे काढीत होते. आम्हाला तेथे उभे राहवेना. त्या व्यापारात सुलतानाचे अरब होते हे सारे सांगतात. पण गुलामांच्या तांड्यांना भांडवल पुरवणाऱ्यांत हिंदी सावकारही होते. आणि आपल्या वसईचे काय? पोर्तुगीज अमलात कोटाच्या आतील श्रीमंतांच्या घरी आफ्रिकेतून आणलेले 'काफ्री' गुलाम राबत होते. त्या भिंती आपण वारसा म्हणून मिरवतो. त्या भिंतींच्या सावलीत कोण कोण राबले, याची प्रार्थना आपल्या किती मिस्सांत होते?

यात आपल्या महाराष्ट्राचा एक उजळ धागाही आहे. समुद्रावर पकडलेल्या गुलामांच्या जहाजांतून सुटलेली अनेक आफ्रिकी मुले मुंबईस आणली जात. त्यांतील बऱ्याच जणांना नाशिकजवळच्या शरणपूर येथे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी आश्रय आणि शिक्षण दिले. मोठेपणी त्यांतील काही जण आफ्रिकेत परतले. १८७३ साली संशोधक लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. तो देह काही काळ विसावला तो बागामोयोच्या कॅथलिक मिशनमध्ये. पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ 'फ्रेर टाऊन' ही मुक्त गुलामांची वस्ती वसली, तिच्या उभारणीतही या नाशिककर आफ्रिकनांचा हात होता. गोदावरीच्या काठी वाढलेली ती मुले मोठेपणी आईबापांच्या भूमीवर उतरली, तेव्हा त्यांना कोणाचे दार माहीत होते? कोणत्या भाषेत त्यांनी हाक दिली असेल? आमच्यापूर्वी दीडशे वर्षे आमच्याच वाटेने गेलेले ते प्रवासी आम्हाला त्या दिवसांत फार जवळचे वाटले.

'न्गाम्बो' या शब्दाचा अर्थ 'पलीकडची बाजू'. जुने दगडी शहर श्रीमंतांचे, मध्ये खाडी, आणि खाडीपलीकडे मातीच्या भिंतींच्या झोपड्यांत आफ्रिकी कष्टकऱ्यांची वस्ती, ती न्गाम्बो. आज खाडी बुजली आहे, तिच्या जागी हमरस्ता आहे. झोपड्या पाडून १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या साहाय्याने बांधलेल्या लांबच लांब चाळवजा इमारती तेथे उभ्या आहेत. कॅथीड्रलच्या वृद्ध साक्रिस्तानांनी छायाचित्रावरचे नाव विचारीत विचारीत दोन दिवस पायपीट केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला तिसऱ्या मजल्यावरील एका दारापाशी नेले आणि हाक दिली, "होडी!"

"करिबू," आतून उत्तर आले.

सत्तरीची एक मुसलमान बाई खवणीवर बसून नारळ खवत होती. खवणी थेट आपल्या घरच्यासारखी. आम्ही पिशवीतून ते वस्त्र काढले. तिने हात पुसले, वस्त्र मांडीवर पसरले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग साक्रिस्तानांच्या तोंडून, स्वाहिलीतून इंग्रजीत, आमच्यापर्यंत जे पोहोचले ते असे.

तिची आई आमच्या आजोबांच्या घरी आया होती. वीस वर्षे ती त्या घरात वावरली. आमची आई तिच्या अंगाखांद्यावर वाढली. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्या घरात ती कधी खुर्चीवर बसली नाही; जेवण झाले की आपले ताट घेऊन मागील दारी बसे. त्या रविवारी पहाटे गोळीबार सुरू झाला तेव्हा ती खाडी ओलांडून आली आणि तिघांना मागच्या वाटेने न्गाम्बोत घेऊन गेली. चार दिवस आमचे आजी, आजोबा आणि आई तिच्या झोपडीत राहिले. घरात बाज एकच. ती पाहुण्यांना दिली. मायलेकी मातीवर चटई टाकून निजल्या. दहा वर्षांच्या त्या मुलीला सर्व आठवत होते. हत्यारबंद माणसे दारात आली तेव्हा आई उंबरठ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, आत माझे पाहुणे आहेत, मला ओलांडून आत जा. ती माणसे ओळखीची होती. ती परत गेली.

तेथील स्त्रिया नेसतात त्या या वस्त्राला 'कांगा' म्हणतात. कांगा नेहमी जोडीने विकत मिळते, एक नेसायला, एक पांघरायला. बोट सुटण्याच्या दिवशी तिने जोडीतील एक आमच्या आईच्या खांद्यावर टाकली. "दुसरी?" आम्ही विचारले. म्हातारी हसली. "आमच्या घरी जन्मलेले प्रत्येक मूल तिच्यात गुंडाळले. झिजून गेली."

मग आम्ही तो प्रश्न विचारला, ज्यासाठी एवढा समुद्र ओलांडला होता. "आमच्या आईचे पत्र कधी आले नाही. त्यांनी वाट पाहिली का?"

ती म्हणाली, "आईला वाचता येत नव्हते. पत्र आले तर वाचून दाखव, असे ती मला सांगून ठेवी. म्हणून मी नेटाने वाचायला शिकले." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिची आई १९८९ साली वारली.

आम्ही खाली मान घातली. आजोबा म्हणत, तिला कुठे वाचता येते, पत्र पाठवून काय करणार, हे आईने एकदा सांगितले होते. आमच्या घरात शहाणपण म्हणून चाललेली ती गोष्ट किती निष्ठुर होती, ते त्या खवणीपाशी बसून कळले. आईच्या वतीने, आजोबांच्या वतीने आम्ही क्षमा मागितली. तिने आमच्यापुढे ताज्या नारळाची वाटी सरकवली. उत्तर म्हणून ते पुरेसे होते.

निघताना आम्ही विचारले, "काठावर काय लिहिले आहे?" तिने चष्मा न लावता वाचले. ती तेथील एक म्हण होती. 'म्गेनी न्जो, म्वेन्येजी अपोने.' साक्रिस्तानांनी अर्थ सांगितला. पाहुण्या, ये, म्हणजे घरधनी बरा होईल.

वस्त्र तिचे आहे, तिनेच ठेवावे, असे आम्ही म्हणालो. तिने ते घडी करून आमच्या हातात परत दिले. "तुमच्याकडेही पाहुणे येत असतील ना, पाद्री?"

येथे ती कबुली.

त्या प्रवासाच्या दोन वर्षे आधी एक तरुण आफ्रिकी जोडपे आमच्या कार्यालयात आले होते. आपल्या वसई-विरार परिसरात, विशेषतः नालासोपाऱ्याकडे, आफ्रिकेतून आलेली काही कुटुंबे राहतात हे वाचकांना ठाऊक आहे. तान्हे मूल बाईच्या पाठीला वस्त्राने बांधलेले. मुलाचा बाप्तिस्मा करायचा होता. आम्ही त्यांना बसा म्हणालो की नाही, हे आता आठवत नाही. आणि आठवत नाही, यातच उत्तर आहे. आम्ही त्यांच्या मूळ धर्मग्रामाचे पत्र मागितले. ते योग्यच होते. विवाहाचा दाखला मागितला, तोही योग्य. मग भाड्याच्या घराचा करार मागितला, पारपत्राची आणि व्हिसाची प्रत मागितली. ख्रिस्तसभेचा कोणताही कायदा बाप्तिस्म्यासाठी व्हिसा मागत नाही, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आहोत. पण त्या आठवड्यातच काही प्रतिष्ठित मंडळी सांगून गेली होती, "फादर, आज एक आले, उद्या दहा येतील." आम्ही नाही म्हटले नाही. आम्ही फक्त कागद मागितले. माणसाला दारातून घालवून देण्याची ही सभ्य रीत आहे आणि आपण सुशिक्षित लोक तीत तरबेज असतो. ते जोडपे पुन्हा आले नाही. आम्हाला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले.

जिच्या झोपडीत आमची आई जगली तिने कोणता दाखला मागितला होता? चार दिवसांच्या त्या आश्रयाविना आमचा जन्म नव्हता, आमची गुरुदीक्षा नव्हती, आणि ज्या खुर्चीत बसून आम्ही ते कागद मागितले त्या खुर्चीत आम्ही नसतो.

परत आल्यावर आम्ही त्या कुटुंबाचा शोध घेतला. इमारतीच्या रखवालदाराने सांगितले, खोली सोडून गेले, कोठे ते ठाऊक नाही. त्या वर्षीच्या उपवासकाळातील पहिल्या रविवारी आम्ही वेदीवरून ही सारी हकिगत सांगितली. प्रभू येशूही तान्हेपणी परक्या देशात आश्रयाला गेला होता आणि तो देश, इजिप्त, आफ्रिकेतच आहे, याची आठवण करून दिली. कालवारीच्या वाटेवर त्याचा क्रूस वाहणारा शिमोन कुरेनेचा, म्हणजे तोही आफ्रिकेच्याच किनाऱ्यावरचा. प्रवचनानंतर कोणी फारसे बोलले नाही. काहींना ते आवडले नाही, हे आमच्या कानी आले.

पुढे आईच्या स्मरणदिनी आम्ही घरी गेलो. शेजारच्या वयोवृद्ध काकू काठी टेकीत आल्या. 'आफ्रिकेवाली' हे नाव प्रथम त्यांच्याच तोंडून निघाले होते, असे घरात म्हटले जाई. कोणीतरी त्यांना आमचे प्रवचन सांगितले असावे. त्या ओट्यावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "फादर, तुझी आई छप्पन वर्षे आमच्या शेजारी राहिली. सणाला मी ताट पाठवायचे. पण ये, माझ्या पानाला पान लावून जेव, असे तिला एकदाही म्हटले नाही."

आम्ही काय बोलणार? आम्हीही त्यांच्याच पंगतीतले. आम्ही त्यांना झांझिबारच्या लवंगा दिल्या. त्यांनी त्या मुठीत धरून वास घेतला आणि म्हणाल्या, "ती याच वासाबद्दल सांगायची."

ती कांगा आता आमच्या कार्यालयात, येणाऱ्यासाठी ठेवलेल्या खुर्चीच्या पाठीवर घडी करून टाकलेली असते. येणारा विचारतो, हे काय. मग म्हणीचा अर्थ सांगावा लागतो आणि तो सांगताना दर वेळी ती आमच्यापर्यंतच येऊन थांबते. बाप्तिस्म्याच्या अर्जासोबत कोणते कागद हवेत, याची यादी आम्ही नव्याने लिहिली. ती तीन ओळींची आहे.

दर रविवारी मिस्सामध्ये दिवंगतांची नावे घेतो, आजाऱ्यांची घेतो, धर्मग्रामात नव्याने जन्मलेल्यांची घेतो. त्या एका बाळाचे नाव घेता येत नाही. त्या दिवशी ते आम्ही विचारलेच नव्हते. त्याच्यासाठी नावाशिवायच प्रार्थना करतो.